बुधवारची रिकामी दुपार

ब्रह्मदेवाने सृष्टीचं काम आमच्या टाइमटेबल अण्णांकडे सोपवलं असतं, तर सृष्टी सहा महिने उशिरा सुरू झाली असती. पण एकदा सुरू झाल्यावर तिच्यात एकही गोष्ट दुसरीवर आदळली नसती. पाऊस वेळेवर आला असता आणि शाळा सुटायच्या वेळी कधीच आला नसता. ग्रहणं लागली असती, पण परीक्षेच्या दिवसांत नाही. प्रत्येक माणसाच्या हातात जन्मतःच एक छापील कागद पडला असता आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'बदल झाल्यास आदल्या दिवशी कळवण्यात येईल.' बेंगळुरात येलहंकाच्या पलीकडे असलेल्या आमच्या खासगी विद्यापीठात अण्णा तसे गणित आणि संख्याशास्त्र शिकवायला होते. पण शिकवणारे काय, पुष्कळ असतात. सगळ्या विद्यापीठाचं वेळापत्रक करणारा माणूस एकच होता, म्हणून शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना टाइमटेबल अण्णा म्हणत. ते नाव त्यांना पदवीसारखं वाटे.

अण्णांच्या घराण्याचं चामराजपेटात शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान. चार पिढ्यांपूर्वी कुणीतरी साताऱ्याकडून इकडे आलं आणि बटणं, अस्तरं, रिळं विकत इथलंच झालं. दुकान धाकट्या भावाकडे गेलं, अण्णांच्या वाट्याला वेळापत्रकासाठी लागतील तेवढी बटणं आली. एका मोठ्या खाकी कागदावर ते आठवड्याचे चौकोन आखत आणि त्यावर बटणं मांडत. एक बटण म्हणजे एक प्राध्यापक. माझं बटण सफारीचं होतं, करडं, चार भोकांचं. मला सुरुवातीला त्याचा थोडा राग आला होता, कारण रसायनशास्त्राच्या बाईंना मोत्याचं मिळालं होतं. आमच्या डीनसाहेबांसाठी पितळेचं चकचकीत बटण होतं आणि ते कायम कागदाच्या कडेला असे. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कोटाच्या बाहीवर असतं ते. दिसायला पाहिजे, पण त्याला काज नसतं." एकदा विद्यापीठाने वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर विकत आणलं. त्याने अर्धा दिवस विचार करून असं वेळापत्रक शक्यच नाही, असा निर्वाळा दिला. अण्णांनी चहा निवेपर्यंत दोन बटणं इकडची तिकडे केली आणि कन्नडचा वर्ग होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली नेऊन बसवला. पुढची तीन वर्षं तो वर्ग तिथेच भरत होता.

बटणं हलवायला हुशारी लागते, पण अण्णांची खरी करामत वेगळी होती. कुणाची सासू आजारी आहे, कुणाच्या मुलाची व्हॅन किती वाजता येते, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं त्यांना न विचारता माहीत असे आणि ते मुकाट्याने त्या खाकी कागदात उतरत असे. मी पुण्याहून इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं जे. पी. नगरात एकटाच राहत होतो. बायको आणि मुलगी पुण्यालाच होत्या. त्या दोन वर्षांत मला शुक्रवारचा शेवटचा तास एकदाही आला नाही. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. शेवटी न राहवून मीच विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "शुक्रवारी तुमच्या हातात मोठी बॅग असते. सोमवारी तुमचे डोळे लाल असतात. म्हणजे रात्रीची बस. त्यात विचारायचं काय?" मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस; उपकार कसे फेडावेत याचा हिशेब मला येत नाही, म्हणून मी नुसता हसलो.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. पत्रिकेबरोबर एक पुरवणी होती आणि तिच्यात कुणी कुठल्या पंगतीला बसायचं ते छापलेलं होतं. अंतरपाट दहा वाजून दहा मिनिटांनी धरायचा आणि दहा पस्तीसला सोडायचा, असं त्यांनी भटजींना सांगितलं, तेव्हा भटजी म्हणाले, मुहूर्त हे माझं खातं आहे. "मुहूर्त तुमचा," अण्णा म्हणाले, "पण पंगत माझी. तुमचं स्वल्प लांबलं की माझा भात गार." भटजींनी आयुष्यात प्रथमच मंगलाष्टकं आटोपती घेतली. आणि असं असून हा माणूस मनगटाला घड्याळ बांधत नसे. घड्याळ काय, ते फक्त आत्ता किती वाजलेत एवढंच सांगतं, असं त्यांचं मत होतं.

विद्यापीठाची बस मला सकाळी जे. पी. नगरात घेई आणि अण्णांना चामराजपेटात. तिथून येलहंकापर्यंत पाऊण ते दीड तास, त्या दिवशी शहराच्या मनात काय असेल त्याप्रमाणे. अण्णा माझ्या शेजारी बसत, मला पुणेकर म्हणत आणि आमच्या मराठीतल्या इंग्रजी शब्दांवर त्यांच्या मराठीतल्या कन्नड शब्दांनी सूड उगवत. आमची मैत्री त्या बसमध्येच झाली, आणि पुढचा सगळा प्रकारही मला त्या बसच्या खिडकीतूनच आठवतो.

प्रकार असा झाला, की आमच्या विद्यापीठाने पर्यावरण आणि शाश्वततेची एक नवी पदवी काढायचं ठरवलं. तीन वर्षं, सहा सत्रं. आखणीच्या समितीचा निमंत्रक म्हणून माझी नेमणूक झाली. समितीत डीनसाहेब, मोत्याच्या बटणाच्या रसायनशास्त्रवाल्या बाई आणि मुंबईहून नुकतीच आलेली एक तरतरीत प्राध्यापिका, जी आधी एका सल्लागार कंपनीत होती आणि अजूनही प्रत्येक वाक्य पडद्यावर दाखवत असल्यासारखं बोलत असे. पदवी आखणं म्हणजे एकत्र कुटुंबात जमिनीच्या वाटण्या करण्यासारखं काम. पृथ्वी वाचली पाहिजे याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, फक्त ती आपापल्या विषयाने वाचावी असं प्रत्येकाला वाटत होतं. मीही काही संत नव्हतो. पर्यावरणाचं अर्थशास्त्र, भाग एक ते सहा, असा माझा विषय मी सहाही सत्रांत आठवड्याला तीन तास घालून ठेवला होता. खरं सांगायचं तर तिसऱ्या भागानंतर त्यात काय शिकवायचं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

अण्णांना फक्त खोल्या पुरतील का ते सांगायला बोलावलं होतं. ते खाकी कागदाची सुरळी घेऊन आले, आमचा मसुदा शांतपणे वाचला आणि म्हणाले, "तळ्याचा पेपर तुम्ही एप्रिलमध्ये संपवताय आणि जुलैत पुढचा सुरू करताय. मे महिन्यात तळ्याचं काय होतं ते मुलांना कोण सांगणार? तेच तर बघायचं." मग त्यांनी सगळी पदवी उलगडून पुन्हा घडी घातली. पक्ष्यांचा तास सकाळी साडेसहाला, कारण पक्षी नऊला येत नाहीत. सांडपाण्याचं प्रात्यक्षिक सोमवारी, कारण रविवारी अख्खं शहर कपडे धुतं. कचऱ्याचा विषय आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी सुरू करायचा, दसऱ्याची सुट्टी असली तरी, कारण त्या दिवशी बेंगळुरूच्या प्रत्येक चौकात फुटलेले कोहळे आणि केळीचे खुंट पडलेले असतात, आणि याहून मोठी प्रयोगशाळा कुठल्याही विद्यापीठाला परवडणार नाही. रसायनशास्त्रवाल्या बाई पहिल्यांदाच कौतुकाने मान हलवत होत्या. इतके दिवस आम्ही पदवी आखत होतो, अण्णांनी तिचं पंचांग केलं.

त्या पंचांगात बुधवारी दुपारी दोन ते पाच या चौकोनांवर एकही बटण नव्हतं. सहाही सत्रांत नव्हतं. डीनसाहेबांना वाटलं राहून गेलं. अण्णा म्हणाले, राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. विद्यापीठाच्या मागे एक केरे आहे, म्हणजे तळं. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाला त्याच्या काठावरची एक जागा नेमून द्यायची. तीन वर्षं दर बुधवारी त्याने तिथेच जाऊन बसायचं. अहवाल नाही, गुण नाहीत, शिकवणारा नाही.

"पण अण्णा, लर्निंग आउटकम काय टाकायचा?" मुंबईच्या बाई म्हणाल्या. "कॉलम ब्लँक गेला तर कौन्सिलमधून फाइल रिटर्न येईल."

"माहीत नाही, असं टाका."

"असं कसं टाकता येईल?"

"खरं आहे म्हणून टाका. तीन वर्षांनी काय दिसेल ते आज तुम्हाला माहीत आहे का? मला पण नाही."

बेंगळुरात रिकामा प्लॉट दिसला की आठवडाभरात तिथे कुणीतरी वाळूचा ढीग टाकतं. त्या बुधवारचं तसंच झालं. पहिल्या बैठकीत प्रयोगशाळेने एक तास मागितला, दुसरीत मुलाखतीच्या तयारीच्या वर्गाने दोन. अण्णा प्रत्येक वेळी खाली मान घालून दुसरीकडे जागा काढून देत आणि दुपार मोकळी ठेवत. आम्ही सगळे त्यांना हसत होतो. मीही हसत होतो, आणि एके सकाळी बसमध्ये मी त्यांना म्हटलं की अण्णा, एवढा हट्ट कशासाठी, सोडून द्या.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "इथे यायच्या आधी मी एका सकाळच्या कॉलेजात होतो. रोज एकाच बसने अकरा वर्षं गेलो. वाटेत एक तळं होतं. धोब्यांचे दगड होते, म्हशी असत. एक दिवस बस बंद पडली म्हणून तिथे उतरलो, तर तळं नाही. इमारती. रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, इधर तो शुरू से बिल्डिंग ही है. पुणेकर, मी रोज खिडकीत बसत होतो. डोळे उघडे होते. ते तळं कुठल्या वर्षी गेलं, ते मला सांगता येत नाही. सगळ्या कॉलेजचा मिनिट न् मिनिट मला पाठ, आणि हे वर्ष माहीत नाही."

अकरा वर्षांत एकदाही उतरून बसलो नाही, एवढंच ते पुढे म्हणाले, आणि मग ड्रायव्हरला हेब्बाळच्या पुलाखालून घे, वर गर्दी असेल, असं कन्नडमध्ये सांगायला उठले.

शेवटच्या बैठकीत डीनसाहेबांनी विषय संपवला. एकूण तास ठरलेले आहेत. ज्याला आठवड्याचे तीन तास रिकामे हवेत, त्याने कुठून तरी तीन तास आणून द्यावेत. माझ्या समोर माझाच कागद होता, भाग एक ते सहा. मला एवढंच म्हणायचं होतं की माझे घ्या. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. वर्कलोड कमी झाला की पुढच्या वर्षी विभागात काय काय होतं, हे आम्ही सगळे जाणून होतो.

"संख्याशास्त्र काढा," अण्णा म्हणाले. "ते तसं प्रत्येक पेपरात स्वल्प स्वल्प येतंच. मोजायला मागाहून पण शिकता येतं."

संख्याशास्त्र म्हणजे अण्णांचा स्वतःचा विषय. गणिताच्या पदवीला दोन वर्षं मुलं येत नव्हती, ती बंद होणार होती. साठी उलटल्यामुळे अण्णा दरवर्षीच्या मुदतवाढीवर होते आणि ती मुदतवाढ तासांवर मिळे. नव्या पदवीतले ते तीन तास सोडले, तर त्यांच्या नावावर काहीच उरत नव्हतं. हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, तरी कुणी त्यांना अडवलं नाही. अण्णांनी आपलं बटण उचललं, खिशात टाकलं आणि 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाले.

फाइल कौन्सिलमध्ये गेली. मुंबईच्या बाईंनी त्या रिकाम्या दुपारला 'निरीक्षणाधारित अनुभवजन्य अध्ययन' असं नाव दिलं होतं, आणि कौन्सिलच्या एका सदस्याने सबंध पदवीत नेमकी तेवढीच गोष्ट अभिनव असल्याचा अभिप्राय दिला. बसमध्ये अण्णांनी मला त्या नावाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, बसणं. ते इतके हसले की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. मे महिन्यात त्यांची मुदत संपली. कराराच्या माणसाला निरोपसमारंभ नसतो, म्हणून आम्ही कँटीनमध्ये त्यांना केसरीभात खाऊ घातला.

आता आमचं वेळापत्रक सॉफ्टवेअर करतं. दर सत्रात ते बुधवारची दुपार चूक म्हणून लाल रंगात दाखवतं आणि कुणीतरी ती भरायला धावतं. मी दर वेळी तिथे जाऊन भांडतो. आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही, पण या एका कामात मी चांगलाच कजाग झालो आहे. लोकांना वाटतं हा माझा तत्त्वनिष्ठपणा. तो काय आहे ते मला माहीत आहे.

पहिली तुकडी तिसऱ्या वर्षात होती तेव्हा मार्चमधल्या एका बुधवारी मी अण्णांना घेऊन आलो. दोन-तीनदा बोलावल्यावर ते तयार झाले. बसमध्ये जुन्या जागेवर बसल्यावर मी एकदाचं म्हणून टाकलं, "अण्णा, त्या दिवशी माझे तास मी देऊ शकलो असतो."

"माहीत होतं."

"मग तुम्ही तसं म्हणाला का नाहीत?"

"तुमची मुलगी त्या वर्षी दहावीला होती," अण्णा म्हणाले. "नुकतीच तिला पुण्याहून आणलेली. तशा वर्षी बापाच्या नोकरीत काही हलू नये." हे त्यांनी इतक्या साध्या सुरात सांगितलं, की मला माझा चेहरा खिडकीकडे फिरवावा लागला. मला त्यांची क्षमा हवी होती, आणि त्यांनी ती कधीच वेळापत्रकात बसवून टाकली होती.

तळ्याकाठी मुलं पांगून बसली होती. सगळी निरीक्षण करत होती असं मी म्हणणार नाही. दोघं सरळ झोपली होती, एकाच्या कानात मोबाइलच्या वायरी होत्या. मी ओशाळलो. अण्णा म्हणाले, असू दे, रिकामं म्हणजे रिकामं. पाणी उतरलं होतं, काठाचा चिखल भेगाळला होता. पलीकडच्या टोकाला एक मुलगी गुडघ्यांभोवती हात घालून बसली होती. अण्णा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, काय बघतेस? हे कोण, हे तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

"काही नाही, अंकल. बसा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने बोट दाखवलं. "तो कुंपणाचा खांब दिसतोय? तो आधी काठावर होता. दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी आले, तर दहा पावलं आत आलेला. मग जानेवारीच्या तिसऱ्या बुधवारी आणखी सहा. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही तारखा घालून अर्ज दिलाय."

"तारखा ठेवायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. तीन तास दुसरं करायचं काय?"

अण्णा तिच्या शेजारच्या दगडावर बसले. "कुठला बुधवार म्हणालीस?" त्यांनी विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. दसऱ्यानंतरचा पहिला, जानेवारीचा तिसरा. पाठ झालेलं उत्तर मुलाने बरोबर म्हटलं की मास्तर जशी मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली, आणि मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. चष्मा स्वच्छ होता. पाच वाजले, मुलं उठली, मुलगी उठून नमस्कार करून गेली. वरच्या रस्त्यावर आमच्या बसने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. अण्णांनी बसकडे वळून पाहिलं नाही, आणि मीही त्यांना हाक मारली नाही.

आम्ही अंधार पडायच्या सुमाराला शहर बसने परत निघालो. गर्दी होती, अण्णांना कशीबशी खिडकीची जागा मिळाली, मी शेजारी उभा होतो. सबंध वाटभर ते बाहेर बघत होते, पुलाखालून, दिव्यांमधून, एकामागून एक इमारती. चामराजपेटचा थांबा आला तेव्हा ते उठले, दांड्याला धरून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पुणेकर, त्या पोरीला बुधवार पण माहीत आहे. मला अजून वर्ष आठवत नाही." दार उघडलं आणि ते खाली उतरले.